फक्कीची रेघ

सोमवार, ३ मार्च

रोजनिशी लिहिणाऱ्या बायकांना मी आजवर हसत आले. आज स्वतः लिहायला बसले, त्याचं कारण साधं आहे. नव्या नोकरीत रुजू होताना एका कागदावर सही घेतली: केंद्रात जे घडतं ते बाहेर कुणाशी बोलायचं नाही, घरच्यांशीसुद्धा नाही. मी आणि धाकटी बहीण, दोघी बिनलग्नाच्या. सगळा जन्म एका घरात काढला आणि रोज संध्याकाळी दिवसभराचं एकमेकींना सांगून मोकळ्या झालो. आता ती तिकडे, मी इकडे. माझ्या पोटात काही राहत नाही. म्हणून ही वही.

प्रवास छान झाला. खोली पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. खिडकी मोठी, पलंग कुरकुरत नाही, नळाला पाणी जोरात. घरमालकीण खाली राहते. बोलघेवडी बाई, जिन्यावर पाऊल वाजलं की दार किलकिलं होतं. तिने विचारलं, या वयात नोकरी कसली करता? म्हटलं, चालायची. तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

थट्टा नाही. उभी हयात शाळेत कवायत शिकवली. निवृत्त झाल्यावर धाकटीच्या कुंड्यांना शिस्त लावत बसले होते. जाहिरात तिनेच दाखवली: ताठ चालणारी, वेळ पाळणारी, न घाबरणारी प्रौढ स्त्री हवी. म्हणाली, अगं ताई, हे तर तुझंच वर्णन छापलंय. जा बाई, माझ्या कुंड्यांचे हाल थांबू देत.

मंगळवार, ४ मार्च

केंद्र म्हणजे एक बैठी, स्वच्छ इमारत. बायकांचा पाठलाग केल्याबद्दल शिक्षा झालेले पुरुष इथे येतात. तुरुंगाऐवजी उपचार. मी डॉक्टरबाईंना माझं मत सांगून टाकलं: दोन थोबाडीत द्याव्यात आणि घरी धाडावं. त्या हसल्या. माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात इतक्या तरुण आहेत. म्हणाल्या, मॅडम, थोबाडीत खाऊन असा माणूस थांबत नाही, फक्त जास्त अंतर ठेवून चालतो.

वाक्य चांगलं आहे. लिहून ठेवते.

मी गुंड बघायला मिळतील या तयारीने गेले होते. पाहते तर इस्त्रीचे शर्ट, कापलेली नखं. एक कवळ्या बनवणारा, एक हिशेबनीस, एक दोन मुलांचा बाप. रस्त्यात भेटले असते तर मीच त्यांना पत्ता विचारला असता. वर्तुळात खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांतला एकजण सगळ्यांच्या आधी येऊन त्या एका मापात लावत होता. तिशीचा असेल. माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि उभा राहिला. शाळेत असता तर मी त्याला मॉनिटर केला असता. नाव लिहायची मनाई आहेच, मॉनिटरच म्हणते.

शुक्रवार, ७ मार्च

आज पहिल्यांदा चालले. पद्धत अशी: याला इथे 'थांबण्याचा सराव' म्हणतात. मी केंद्राच्या फाटकातून निघायचं आणि रस्त्याने चालत राहायचं. ज्याची पाळी असेल त्याने मागून यायचं. ठरलेल्या जागी रेघ असते. तिथे त्याने थांबायचं, मला पुढे जाऊ द्यायचं आणि परत फिरायचं. ओढ सगळ्यात जास्त असते तेव्हाच थांबायला शिकवायचं, असं डॉक्टरबाई म्हणतात. रेघेपाशी पहारेकरी लाल झेंडी घेऊन उभा असतो. मला नियम एकच. मागे वळून बघायचं नाही. वळून पाहिलं की त्याला हवं ते मिळालं.

चालायचा रस्ता माझ्या खोलीकडे जाणाराच घेतला आहे. खऱ्या बाईचा खरा घरी जायचा रस्ता हवा, म्हणजे सराव खरा होतो. मलाही सोयीचं. काम संपलं की घर.

रेघ मात्र खडूने मारलेली आणि वाकडी. मला बघवेना. फक्कीचा डबा मागवला, दोरी ताणली, आणि खेळाच्या मैदानावर आखते तशी पांढरीशुभ्र रेघ स्वतः आखली. पहारेकरी म्हणाला, वा, आता इथे शर्यतच लावा.

मॉनिटरचा पहिला नंबर. त्याच्या बुटांचा आवाज माझ्या पावलांत पाऊल मिळवून येत होता. कवायतीत इतका चांगला ताल मुलांना जमत नाही. रेघेवर आवाज थांबला. मी पुढे गेले. मानेवर थोडं गार वाटलं, एवढंच.

मंगळवार, ११ मार्च

आजचा भाग मला पटला नाही. पण नोकरी आहे, केला. डॉक्टरबाईंचं म्हणणं असं की या पुरुषांना बाई म्हणजे एक चित्र वाटतं. ती माणूस आहे हे त्यांना कळलं पाहिजे. म्हणून चालणाऱ्या बाईने समोर बसून स्वतःबद्दल थोडं सांगायचं.

मी सांगितलं: बूट मापाने शिवून घेते, उशीर खपवून घेत नाही, घरी एक धाकटी बहीण आहे. माझ्या बुटांबद्दल कुणी विचारलं नाही. मॉनिटरने बहिणीबद्दल विचारलं. म्हटलं, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून काठीशिवाय तिला खुर्चीतून उठता येत नाही. दुपारभर मागच्या दाराशी बसते आणि दार सताड उघडं ठेवते, येणाऱ्याने आपलं आत यावं म्हणून. तो कळवळून म्हणाला, बाई, हे बरं नव्हे, दाराला कडी हवी. मी म्हटलं, माझं तोंड दुखलं सांगून, तूच सांग तिला. सगळे हसले. डॉक्टरबाईंनी मान डोलावली. दुसऱ्याची काळजी वाटणं ही मोठी पायरी आहे म्हणे.

मंगळवार, १८ मार्च

आज मॉनिटरने स्वतःची हकीकत सांगितली. ज्या मुलीमुळे त्याला शिक्षा झाली, ती कागदांच्या दुकानात काम करायची. सायकलने जायची. एकदा साखळी उतरली, याने बसवून दिली. पुन्हा उतरली, तेव्हा नीट करून देतो म्हणून सायकल घरी नेली. दिली नाही. ती रोज चालत जायला लागली. हा तिच्या आधी दुकानाशी, आधी पाणवठ्याशी, आधी तिच्या मावशीच्या दारात. शेवटी सायकल मागायला तीच त्याच्या घरी आली. शेजाऱ्यांनी कोर्टात तेच सांगितलं: ती आपल्या पायांनी आली होती. आत गेल्यावर तिचा हात मोडला. तो म्हणतो, पडली. मग डॉक्टरबाईंकडे बघून म्हणाला, नाही, मी पिरगळला. तिला काय वाटलं असेल ते मला आता कळतं. आणि तिची एक सकाळ त्याने तिच्या जागी बसून सांगितली: जाग आल्यावर ती आधी खिडकीचा पडदा किती सरकलाय ते बघायची, आंघोळीला कडी दोनदा लावायची. इतकं बारीक सांगितलं की दोन मुलांच्या बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या झाल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या आंघोळीच्या कडीचं याला कसं ठाऊक, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

शुक्रवार, २१ मार्च

मॉनिटर प्रत्येक वेळी रेघेवर थांबतो. म्हणून रेघ पुढे सरकवली. इथे बरं होणं म्हणजे रेघ पुढे सरकणं. आता ती माझ्या गल्लीच्या तोंडाशी, वाण्याच्या दुकानाच्या अलीकडे आली आहे. आखायला मीच होते.

वाण्याला वाटलं रस्ता खणणार आहेत. घरमालकिणीला केंद्रात काय चालतं ते ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे, माझ्याच सहीला काय सोनं लागलं होतं कोण जाणे. तिचं मत: नुसता उभाच तर राहतो बिचारा, खातो थोडाच? आमच्या वेळी याला प्रेम म्हणायचे. शिवाय पोरी आधी हसतात आणि मग बोंबलतात. मी तिला म्हटलं, तुमच्या दारात रोज एक कुत्रं नुसतं उभं राहिलं तर काय कराल? म्हणाली, भाकरी घालीन हो.

मंगळवार, २५ मार्च

वाण्याकडे साबण घ्यायला गेले तर मॉनिटर आत उभा. आज सरावाचा दिवस नव्हता. मी भुवया चढवल्या. त्याने नमस्कार केला आणि म्हणाला, मागे नाही आलो हं बाई. बघा ना, मी तुमच्या आधी आलोय.

खरंच होतं ते. वाण्यानेही सांगितलं, केव्हाचे आलेत.

गुरुवार, २७ मार्च

काल चांभाराकडे बूट टाकायला गेले. तो तिथे बसलेला. वाचनालयात गेले. माझ्या नेहमीच्या टेबलाशी, समोरच्या खुर्चीत. दोन्हीकडे उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली.

आज वेळ बदलून पाहिली. बागेत मी कधीच जात नाही, मुद्दाम गेले. बाकावर तो. मला बघून आनंद झाल्यासारखा हसला, परीक्षेत उत्तर बरोबर आलेल्या मुलासारखा.

मागे कुणी नसतं. रस्ताभर मागे कुणी नसतं. मी वळून पाहते आता, नियम गेला खड्ड्यात.

शुक्रवार, २८ मार्च

डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, हेच वाईट. म्हणाल्या, त्याचं पाठलाग करणं थांबलंय मॅडम, सगळ्या चाचण्या तेच सांगतात. बाजारात जायला त्याला बंदी नाही. गाव केवढंसं. म्हटलं, मी बागेत जाणार हे मला स्वतःला घरातून निघताना सुचलं. त्यांनी विचारलं, झोप लागते का? एकटं राहायची सवय नाही ना तुम्हाला?

मग हळूच म्हणाल्या, अशा कामात बायकांना कधीकधी त्या माणसाची ओढ लागते. लाजायचं कारण नाही.

मी कवायतीची शिक्षिका आहे. या वाक्यावर काय करायचं असतं ते मला शिकवलेलं नाही. उठून आले.

बुधवार, २ एप्रिल

मॉनिटरला बरा झाल्याचा दाखला मिळाला. आता तो केंद्रात मदतनीस आहे. रेघेवर झेंडी घेऊन तोच उभा असतो.

रेघ आमच्या जिन्याशी आली आहे. मी आखली नाही. पण सरळ आहे. दोरी ताणून आखलेली.

संध्याकाळी आले तर घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात तो नळ बसवत होता. ती त्याला जावईबापू म्हणते. मला डोळा मारून म्हणाली, अहो मॅडम, या वयात कुणी दखल घेतंय, नशीब समजा! धाकटीला पाठवायचं पार्सल मी सकाळी तिच्याकडे ठेवलं होतं, टपालात टाकायला. तिने त्याच्या हाती दिलं. तो तिकडेच चालला होता म्हणे.

पार्सलवर पत्ता माझ्या अक्षरात. मोठा, स्वच्छ, सुवाच्य.

तो जिन्यात पुढे झाला, मला वाट देण्यासाठी. माझ्या दाराशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, बाई, आंघोळीची कडी ढिली आहे तुमची, नीट करून देतो.

मी मारली. डाव्या गालावर एक, उजव्या गालावर एक. घरमालकीण खालून बघत होती.

त्याने गालाला हात लावला नाही. थँक यू बाई, म्हणाला.

शनिवार, ५ एप्रिल

पोलीस ठाण्यात गेले. तो माझ्या आधी येऊन गेला होता. त्याची तक्रार लिहून तयार. वाणी, चांभार, वाचनालयातला शिपाई, सगळ्यांनी खरं तेच सांगितलं आहे: तो आधी येतो. मागून येते ती मी. मारलं कुणी? मी. बघणारं कोण? घरमालकीण.

साहेब सभ्य होते. हसू दाबत म्हणाले, मावशी, घरी जा, देवाचं नाव घ्या. तो पोरगा तुमच्या मुलाच्या वयाचा आहे.

म्हटलं, मला मूल नाही.

म्हणाले, तेच तर.

सोमवार, ७ एप्रिल

ठाण्याने केंद्राला कळवलं. आज मला वर्तुळात बसवलं. डॉक्टरबाईंचा हात माझ्या खांद्यावर. शिक्षा नाही मॅडम, मदत आहे, म्हणाल्या. खुर्ची मॉनिटरने पुसली. कवळ्या बनवणाऱ्याने मला पाणी दिलं आणि म्हणाला, सुरुवातीला आम्हीही कबूल करत नव्हतो.

मग सराव. तो पुढे चालला, मी मागे. रेघेवर थांबायचं होतं. मी थांबले — पाय थरथरत होते, ते ओढीमुळे असं लिहिलं गेलं. तो चालत गेला. वळला नाही. नियम पाळतो.

कोपऱ्यावर मात्र थांबला. त्या बाजूला एसटीचं स्थानक आहे, माझ्या गावच्या गाड्यांचं.

मंगळवार, ८ एप्रिल

आज तो कुठेच नाही.
वाण्याकडे नाही. चांभाराकडे नाही. बागेत नाही. घरमालकीण म्हणाली, बघा, तुमच्या थोबाडीत कामी आल्या.

थोबाडीत खाऊन तो थांबत नाही. फक्त जास्त अंतर —

लिहून ठेवलं होतं मी. माझ्याच हाताने लिहून ठेवलं होतं.

धाकटी फोन उचलत नाही. दुपारची झोपत असेल.

बुधवार, ९ एप्रिल

उचलत नाही.

राजीनामा दिला. डॉक्टरबाई म्हणाल्या, उपचार अर्धवट राहतात, आणि ठाण्यातून आलेला कागद हातात ठेवला. तो जिथे असेल तिथे मी जायचं नाही. रस्त्याच्या त्याच बाजूला नाही, त्याच घरात नाही. गेले तर अटक.

विचारलं, आणि तो माझ्याच घरी असला तर?
म्हणाल्या, मॅडम, बघा, पुन्हा त्याचाच विचार.

गुरुवार, १० एप्रिल

धाकटी बोलली. आवाज खुशीत. म्हणाली, ताई, तुझा माणूस कधीचा आलाय, किती गुणी गं, आल्या आल्या मागच्या दाराला कडीकुलूप बसवलं. तू सांगितलंस ना? फोन बिघडला होता, तोही त्यानेच नीट केला.

म्हटलं, दार उघड. बाहेर पड. आत्ता. शेजारी जा.
हसली. अगं, कशी जाऊ —

मग त्याने फोन घेतला. हळू बोलतो. बाई, या, पण घाई नको. फाटकाशी रेघ आखली आहे. तुमच्यासारखीच. तुम्हाला तिथवर येता येईल, पुढे नाही, कागद आहे ना. तिथून सगळं ऐकू येईल.

ठाण्यात फोन केला. म्हणाले, मावशी, पुन्हा त्याचा पाठलाग सुरू केलात?

बस लागली आहे. मी जाणार. रेघ माझी आहे, मीच आखायला शिकवली, मी ओलांडणार. कुणाला नंतर हवं असेल म्हणून लिहून ठेवते, कुणी कुणाला काय दिलं ते.

मी केंद्राला परत दिलं: शिट्टी, ओळखपत्र, फक्कीचा डबा. डबा रिकामा होता. कारकुनाने तशी नोंद केली.
डॉक्टरबाईंनी मला दिला: ताकिदीचा कागद.
घरमालकिणीने त्याला दिलं: पार्सल.
मी त्याला दिलं: पत्ता, दार, दुपारची वेळ.
धाकटीने त्याला दिलं, फोनवर हसत तिनेच सांगितलं: माझी खोली. मागच्या दारच्या कुलपाची किल्ली. आणि आज सकाळी, टोकाचं रबर झिजलंय, नीट करून देतो म्हणाला म्हणून, तिची काठी. म्हणजे ती आता खुर्चीतून —